छातीत दुखतं आणि रिपोर्ट मात्र सगळे चांगले



या सदराला येणाऱ्या पत्रांत गुडघे आणि साखर यांच्या खालोखाल एकच तक्रार असते. पत्र ठाण्याचं असो, रेवदंड्याचं असो की अश्दोदचं, शब्द थोडेफार सारखेच. "सिस्टर, छातीत मधूनमधून दुखतं. कार्डियोग्राम काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले काही नाही. पण दुखायचं काही थांबत नाही."

'काही नाही' हे निदान नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की ज्या दोन-तीन गोष्टी शोधल्या त्या सापडल्या नाहीत. न शोधलेल्या गोष्टी उरतातच. त्या कशा शोधायच्या आणि त्यात रुग्णाचा स्वतःचा वाटा किती मोठा असतो, हा आजचा विषय.

पण आधी एक गोष्ट. हे वाचताना ज्यांच्या छातीत आत्ताच दुखत आहे, पंधरा-वीस मिनिटं झाली तरी थांबत नाही, दरदरून घाम फुटला आहे, धाप लागते आहे, मळमळतं आहे, कळ जबड्यात, हातात किंवा पाठीत उतरते आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, त्यांनी अंक खाली ठेवावा आणि फोन उचलावा. महाराष्ट्रात १०८, इस्रायलमध्ये १०१, जर्मनीत ११२. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ओवा, सोडा, बाम यांत अर्धा तास घालवू नका. शब्बाथ असला तरी फोन करायचाच. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ आड येत नाही, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. मधुमेही माणसांना, वयस्करांना आणि बायकांना पुष्कळदा छातीत फारसं दुखतही नाही. नुसती धाप, गळून गेल्यासारखं आणि घाम. तेही तितकंच गंभीर.

ही झाली तातडीची बाब. आता जे दुखणं येतं, पाच-दहा मिनिटं राहतं, जातं आणि आठवड्याने परत येतं, त्याकडे वळू.

गेल्या हिवाळ्यात मी तीन महिने जर्मनीत ड्रेस्डेनला होते, माझ्या बहिणीच्या मुलीकडे. तिचे यजमान तिथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. एल्बे नदीकाठचं सुंदर शहर. नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळलेल्या जुन्या सिनेगॉगच्या जागी २००१ साली नवीन बांधलेलं सिनेगॉग नदीजवळच आहे. भाचीचं वय एकावन्न. तिला वर्षभर छातीचा हाच त्रास होता आणि तिचेही सगळे रिपोर्ट चांगले होते. तिची हकीकत तिच्या परवानगीने, नाव न घेता सांगणार आहे, कारण तिच्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

ड्रेस्डेनमध्ये आरोग्य-संग्रहालय आहे, जर्मन हायजीन म्यूझियम. माऊथवॉश विकून श्रीमंत झालेल्या कार्ल आउगुस्ट लिंगनर यांच्या पुढाकाराने १९१२ मध्ये त्याची स्थापना झाली आणि १९३० मध्ये आजची इमारत उभी राहिली. नाझी काळात याच संस्थेने वंशशुद्धीचा विषारी प्रचारही केला. आज त्या प्रकाराची माहिती तिथेच आत मांडलेली आहे, हे मला बरं वाटलं. मी तिथे गेले ती काचेची बाई बघायला. पारदर्शक अंगाची, माणसाएवढी उंच, आतले अवयव, शिरा, हाडं सगळी जागच्या जागी दिसणारी. आमच्या नर्सिंगच्या वर्गात लाकडी कपाटात एक सांगाडा टांगलेला असे आणि बाकीचं सगळं डोळे मिटून कल्पनेने भरावं लागे. त्या मानाने ही चैनच.

तिच्यासमोर उभं राहिलं की छातीत किती दाटी आहे ते कळतं. हृदय तर आहेच, पण हृदयाच्या अगदी पाठीला चिकटून अन्ननलिका खाली उतरते. दोन्ही बाजूंना फुफ्फुसं आणि त्यांची पातळ आवरणं. मधून महारोहिणी, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. समोर बरगड्या आणि त्या मधल्या हाडाला जोडणाऱ्या कूर्चा. खाली पडदा आणि पडद्याला लागूनच जठर व पित्ताशय. यांतल्या कुणाचीही तक्रार 'छातीत दुखतं' या एकाच नावाने बाहेर येते. शिवाय हृदय आणि अन्ननलिका यांच्याकडून येणाऱ्या वेदनेच्या मज्जातंतूंचा मार्ग मणक्यात जवळजवळ एकच असतो, त्यामुळे हाक नेमकी कुठून आली हे मेंदूला कळत नाही. म्हणून पित्त समजून हार्ट अटॅक घरी काढणारी माणसं असतात आणि हार्ट अटॅक समजून पित्तासाठी आय.सी.यू. गाठणारीही असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला हसू नये. पहिल्यापेक्षा तो शहाणाच म्हणायचा.

मग डॉक्टरांना कळतं तरी कसं? सगळ्यात आधी, रुग्णाने सांगितल्यावरून. विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १७६८ साली लंडनच्या डॉक्टरांपुढे एक निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढावर, छातीत गुदमरल्यासारखं आवळून येतं आणि थांबलं की जातं, अशा आजाराला त्यांनी 'अँजायना पेक्टोरिस' हे नाव दिलं. तेव्हा स्टेथोस्कोपसुद्धा निघाला नव्हता. कार्डियोग्राम यायला पुढे सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. त्यांनी फक्त माणसांचं बोलणं नीट ऐकलं होतं. आजही अँजायना म्हणताना डॉक्टर तेच तीन प्रश्न विचारतात. दुखणं छातीच्या मधोमध आवळल्यासारखं आहे का? श्रमाने किंवा मनाच्या ताणाने येतं का? थांबल्यावर किंवा जिभेखालच्या गोळीने काही मिनिटांत जातं का?

आता ड्रेस्डेनच्याच एका रुग्णाविषयी सांगते. व्हिक्टर क्लेम्पेरर, फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक. वडील रब्बाय. स्वतः ख्रिस्ती झालेले, पण नाझी कायद्याला त्याचं काही नव्हतं. १९३५ मध्ये त्यांना विद्यापीठातून काढलं आणि १९४० मध्ये घरातून काढून ज्यूंसाठी ठरवून दिलेल्या दाटीच्या घरात राहायला लावलं. पत्नी एव्हा ज्यू नव्हत्या, म्हणून ते छावणीत जाण्यापासून वाचले. या सगळ्या वर्षांत ते चोरून रोजनिशी लिहीत राहिले. पानं सापडली असती तर मरणच होतं. एव्हाबाई ती पानं पिर्ना गावी डॉ. आन्नेमारी क्योलर नावाच्या मैत्रिणीकडे पोहोचवत आणि त्या डॉक्टरीणबाईंनी ती लपवून ठेवली. १९९५ मध्ये ती छापली गेली आणि जगभर वाचली गेली.

त्या रोजनिशीत गेस्टापोची धाड आहे, बटाट्यांची टंचाई आहे, तसंच पुन्हा पुन्हा त्यांचं हृदय आहे. चालताना होणारा छातीचा त्रास आहे, आणि आता हे फार दिवस साथ देणार नाही ही धास्ती आहे. उपाय काय होता? सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस जर्मनीतल्या ज्यू डॉक्टरांची सनदच रद्द झाली होती. मोजक्यांना 'रुग्णोपचारक' असं कमीपणाचं नाव देऊन फक्त ज्यूंना तपासायची मुभा होती. ड्रेस्डेनमध्ये ते काम डॉ. विली काट्झ करत. क्लेम्पेरर त्यांच्याकडेच जात. १९४२ मध्ये ज्यूंना ट्राम बंद झाली, म्हणजे सगळीकडे पायीच जायचं. त्याच फेब्रुवारीत साठ वर्षांच्या या माणसाला रस्त्यावरचा बर्फ उपसायला लावलं. अँजायनाच्या माणसाला थंडीत बर्फ उपसायला लावणं म्हणजे काय, हे कुठल्याही सिस्टरला विचारा. तरी ते जगले. १३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावातूनही निभावले आणि १९६० मध्ये ड्रेस्डेनमध्येच वारले.

ही हकीकत मला भाचीच्या पुस्तकांच्या कपाटात भेटली आणि माझ्यातल्या सिस्टरचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. या माणसाने दुखणं तारखेनिशी लिहिलं. कुठे जात होतो, काय करत होतो, काय झालं. त्यांच्याकडे तपासण्या नव्हत्या, पण नोंद होती. आपल्याकडे आज तपासण्यांची फाइल दोन किलोची असते आणि नोंद एका ओळीची नसते. डॉक्टरांनी विचारलं, "कधी दुखतं?" की आपण म्हणतो, "कधीपण." "किती वेळ?" "असंच, थोडा वेळ."

मी भाचीला शाळेची वही आणून दिली. म्हटलं, दुखलं की लिही. तारीख, वेळ, त्या आधीच्या सहा तासांत काय खाल्लं, काय केलं, कोणती गोळी घेतली, दुखणं कुठे, कसं, किती मिनिटं, कशाने गेलं. ती म्हणाली, "मावशी, मी काही गोळ्या घेतच नाही." म्हटलं, नसशील घेत तर तसं लिही.

'दुखणं कसं' या प्रश्नावर जरा थांबायला हवं. आपल्या मराठीत वेदनेला भरपूर शब्द आहेत. कळ येते, चमक निघते, सलतं, ठणकतं, जळजळतं, भरून येतं, आवळतं, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळी दिशा दाखवतो. धोंडा आणि आवळणं हृदयाकडे बोट दाखवतं. श्वास आत घेताना निघणारी चमक फुफ्फुसाच्या आवरणाकडे किंवा बरगडीकडे. जळजळ अन्ननलिकेकडे. हे पक्के नियम नव्हेत, पण सुरुवात इथूनच होते. परदेशी गेलं की हा सगळा खजिना घरी राहतो आणि तोंडी उरतं एकच 'पेन'. जर्मन डॉक्टरही आपल्यासारखाच भेद करतात. द्रुक म्हणजे दाब, एंगं म्हणजे आवळलेपण, श्टेखन म्हणजे टोचणं, ब्रेनन म्हणजे जळजळणं. हे चार शब्द तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी आई-वडिलांसाठी कागदावर मराठीत लिहून ठेवावेत.

एक गंमतही सांगते. भाचीने पहिल्यांदा दवाखान्यात फोन केला तेव्हा नेटवर वाचलेला शब्द वापरला, मला अँजायना असावा असं वाटतं. पलीकडची बाई विचारू लागली, ताप आहे का, गिळताना दुखतं का. जर्मनीत नुसतं 'आंगीना' म्हटलं की लोकांना घशातल्या गाठी सुजणं असंच वाटतं. हृदयाचा असेल तर 'पेक्टोरिस' हा शब्द जोडावाच लागतो. त्यापेक्षा 'छातीत आवळतं' एवढं सांगितलेलं बरं. नाव ठेवायचं काम डॉक्टरांचं.

तिकडची पद्धत थोडक्यात. आधी घराजवळचा डॉक्टर, ज्याला ते हाउसआर्ट्स्ट म्हणतात. तो तपासून हृदयरोगतज्ज्ञासाठी चिठ्ठी देतो. तारीख मिळायला आठवडे, कधी महिने लागतात. त्रास लवकर बघण्याजोगा वाटला तर तो चिठ्ठीवर एक खास कोड देतो. तो घेऊन ११६११७ या क्रमांकावर विचारलं की चार आठवड्यांच्या आतली तारीख शोधून देतात. हे पुष्कळ आपल्या लोकांना माहीत नसतं. जीवावर बेतलेलं नसेल पण दवाखाने बंद असतील, तरी हाच क्रमांक. जीवावरचं असेल तर मात्र ११२ आणि फक्त ११२. छातीदुखीसाठी तिथल्या अनेक हॉस्पिटलांत स्वतंत्र कक्ष असतात. इंग्रजी नावानेच, चेस्ट पेन युनिट. जर्मन हृदयरोग संघटना २००८ पासून त्यांना तपासून मान्यता देते. तिथे गेल्यावर दहा मिनिटांत कार्डियोग्राम काढायचा असतो आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी लगेच एकदा व तासा-दोन तासांनी पुन्हा करायची असते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर ट्रोपोनिन रक्तात उतरतं. दोनदा करण्याचं कारण हे, की अगदी सुरुवातीला ते चढलेलं नसतं. एकदाच केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवून घरी परतू नये, हे आपल्याकडच्या वाचकांनीही लक्षात घ्यावं.

आता 'रिपोर्ट चांगले' म्हणजे काय ते बघू. साधा कार्डियोग्राम हृदयाच्या जेमतेम दहा सेकंदांचा फोटो असतो. त्या दहा सेकंदांत दुखत नसेल तर तो बिनचूक येऊ शकतो. पट्ट्यावर चालवून घेतलेली तपासणी श्रमाने येणारा त्रास पकडते. पहाटे झोपेत येणारा नाही. इको हृदयाची झडप आणि पंप दाखवतो, नसा नाही. सी.टी. अँजिओग्राफी आणि नळी घालून केलेली अँजिओग्राफी हृदयाच्या मोठ्या नसा दाखवतात. तिथे अडथळा सापडला तर पुढचा रस्ता ठरलेला आहे. गोळ्या, फुगा-स्टेंट किंवा बायपास.

हा फुगा ज्यांनी शोधला ते आंद्रेआस ग्रुंट्सिग ड्रेस्डेनचेच. जन्म २५ जून १९३९, म्हणजे क्लेम्पेरर त्याच शहरात रोजनिशी लिहीत होते तेव्हाचा. पुढे त्यांनी झ्युरिकमध्ये स्वतःच्या घरच्या स्वयंपाकघरात टेबलावर बसून, मदतनीस मारिया श्लुम्फ यांना बरोबर घेऊन, बारीक नळीच्या टोकाला फुगा बसवायचे प्रयोग केले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी अडतीस वर्षांच्या एका जागत्या रुग्णाच्या हृदयाची नस त्या फुग्याने रुंद केली. तो रुग्ण पुढे कित्येक वर्षं चांगला जगला. ग्रुंट्सिग मात्र १९८५ मध्ये अमेरिकेत विमान अपघातात गेले, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा मी मुंबईच्या वॉर्डात होते. छाती न उघडता नस रुंद होते हे ऐकून आमच्या जुन्या मेट्रन म्हणाल्या होत्या, "फुगे जत्रेत विकतात, हृदयात नाही." चार वर्षांत त्यांच्याच भावाला तो घातला.

पण फुगा मोठ्या नसेतल्या अडथळ्यासाठी. अँजिओग्राफीत नसा स्वच्छ दिसल्या तर? इथेच बहुतेकांना घरी पाठवतात. भाचीलाही पाठवलं. हॉस्पिटलचं नाव नको, पण तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की पाळी जाण्याचं वय आहे, परदेशात एकटेपणा येतो, मन रमवा. ती घरी येऊन रडली. दुखणं खोटं नाही हे आपल्याला ठाऊक असावं आणि शिकलेल्या माणसाने ते खोट्यात काढावं, याचं दुःख दुखण्यापेक्षा मोठं असतं. अशा बायका मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ बघितल्या. पुरुषाच्या छातीत दुखलं तर हृदय आणि बाईच्या छातीत दुखलं तर टेन्शन, ही खोड फक्त आपल्याकडची नाही.

स्वच्छ अँजिओग्राफीनंतरही हृदयाच्या दोन गोष्टी उरतात. पहिली, बारीक नसांचा आजार. हृदयाच्या स्नायूत शिरणाऱ्या केसासारख्या नसा अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. गरजेच्या वेळी त्या पुरेशा रुंदावत नाहीत आणि छातीत आवळतं. बायकांत हे जास्त आढळतं. दुसरी, नस आकसणं. मोठी नस एरवी स्वच्छ असते, पण मधूनच तिला पायात गोळा यावा तसा पेटका येतो आणि रक्त अडतं. हा त्रास श्रमात न येता बहुधा रात्री किंवा पहाटे, विश्रांतीत येतो. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिंझमेटल यांनी त्याचं वर्णन केलं. या दोन्हींची तपासणी आहे. नळी घातलेली असतानाच ॲसिटिलकोलिन नावाचं औषध हृदयाच्या नसेत थोडंथोडं सोडून नस आकसते का, रुग्णाला तेच ओळखीचं दुखणं होतं का आणि कार्डियोग्राम बदलतो का, हे बघतात. लगेच नस सैल करणारं औषध देतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही, निवडक केंद्रांतच होते. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, नसा स्वच्छ असूनही त्रास चालूच राहणाऱ्यांचा पुढचा तपास करावा असं सांगितलं आहे. म्हणून ती मागायचा आपल्याला हक्क आहे.

भाचीची वही सात आठवड्यांनी भरत आली. अकरा झटके. दहा वेळा पहाटे तीन ते सहाच्या मध्ये. जिने चढताना एकदाही नाही. आणि अकरांपैकी सहा वेळा आदल्या रात्री एकच गोष्ट लिहिलेली: डोकं दुखत होतं, गोळी घेतली. तिला अर्धशिशी आहे. औषधाच्या दुकानातून दोन गोळ्यांचं छोटं पाकीट ती आणत असे. जर्मनीत या गटातल्या काही गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. 'मी काही गोळ्या घेत नाही' म्हणताना ही गोळी तिच्या मोजणीतच नव्हती, कारण ती डोक्याची होती, छातीची नव्हे. मी पाकीट बघितलं. ट्रिप्टान गटातली गोळी. डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवून ती अर्धशिशी थांबवते, पण हृदयाच्या नसांवरही तिचा थोडा तसाच परिणाम होतो. हृदयाच्या नसांचा आजार असलेल्यांनी घेऊ नये असं आतल्या कागदावर छापलेलंही असतं, मुंगीच्या अक्षरात.

वही घेऊन ती दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मराठी वही हातात घेऊन फक्त आकडे आणि वेळा बघितल्या आणि भाचीला ओळ न् ओळ भाषांतर करायला लावलं. तीन आठवड्यांनी ॲसिटिलकोलिनची तपासणी झाली. नस आकसली, तेच दुखणं आलं, कार्डियोग्राम बदलला. निदान झालं. ट्रिप्टान कायमची बंद झाली. तिला 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' गटातली गोळी सुरू केली. नावातल्या कॅल्शियमचा हाडांच्या कॅल्शियमशी संबंध नाही, हे आवर्जून सांगते, कारण दूध सोडून दिलेल्या बायका मला भेटल्या आहेत. ती गोळी नसेच्या भिंतीतला स्नायू सैल ठेवते. जिभेखाली मारायचा स्प्रेही दिला. काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी नस आकसण्याचा त्रास वाढू शकतो, म्हणून त्याही डॉक्टरांनी तपासून घेतल्या. पण एक विनंती. हे वाचून कुणी आपली बीटा-ब्लॉकर एकदम बंद करू नये. त्याने जिवाला धोका होतो. वही घ्या आणि डॉक्टरांकडे जा.

स्प्रे किंवा सॉर्बिट्रेट घेताना खाली बसावं, रक्तदाब उतरून चक्कर येते. पुरुषांच्या खास ताकदीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब धोक्याइतका कोसळतो. लाजेपायी हे लपवणारे आजोबा मी बघितले आहेत. आणि स्प्रेने बरं वाटलं म्हणजे दुखणं हृदयाचंच, असंही नाही. अन्ननलिकेच्या पेटक्यालाही त्याने आराम पडतो. उलट ॲसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं, असंही समजू नये. औषधाने पडलेला आराम हा पुरावा नव्हे.

हृदय खरोखर निर्दोष ठरल्यावर बाकीच्यांची पाळी. जेवल्यावर, आडवं झाल्यावर, वाकल्यावर येणारी जळजळ आणि तोंडात आंबट पाणी येणं, यांत आम्ल वर चढण्याचाच संशय जास्त. काही आठवडे आम्ल कमी करणारी गोळी देऊन बघतात. गरज पडली तर दुर्बिणीने तपासतात, चोवीस तास नळी ठेवून आम्ल मोजतात, अन्ननलिकेचा दाबही मोजतात. बरगडीच्या सांध्यावर बोटाने दाबलं की तेच दुखणं उमटतं, तेव्हा बहुधा कूर्चेची सूज. तेलकट जेवणानंतर उजव्या बाजूला, खांद्यापर्यंत जाणारी कळ पित्ताशयाची. एका बाजूला पट्ट्यासारखी आग आणि दोन-तीन दिवसांनी तिथेच फोड म्हणजे नागीण. हिमोग्लोबिन फार उतरलं तरी छाती भरून येते, हे आपल्या बायकांत विसरू नये. आणि भीतीचा झटका, ज्यात छाती दुखते, धडधडतं, हात मुंग्यांनी भरतात, मरतोय असं वाटतं. हेही निदानच आहे. त्यालाही ठरलेली लक्षणं आणि उपचार आहेत. बाकी काही सापडलं नाही म्हणून माणसाला टाकून द्यायची ती टोपली नव्हे.

आपण भारतीय वंशाच्या लोकांनी थोडं जास्त सावध राहायला हवं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या बावन्न देशांतल्या अभ्यासात, पहिल्या हार्ट अटॅकचं वय दक्षिण आशियातल्या लोकांत साधारण त्रेपन्न आढळलं, इतर देशांत एकोणसाठच्या आसपास. परदेशातल्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असं नाही. घरात वडील किंवा भाऊ लवकर गेले असतील तर न विचारता सांगा.

मुलांकडे जर्मनीला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी शेवटचं. व्हिसासाठी तीस हजार युरोचा आरोग्य विमा लागतोच, पण जुन्या आजारावर तो बहुधा खर्च देत नाही. कागद आधी वाचून घ्या. गोळ्यांची पाकिटं आहेत तशी न्या, डब्यात काढून नेऊ नका. कंपनीचं नाव तिकडे कुणाला कळत नाही, आतल्या औषधाचं नाव लागतं. जुना कार्डियोग्राम बरोबर ठेवा. नव्याशी ताडून बघायला डॉक्टरांना त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. डोळ्यांत घालायचे थेंब, नाक मोकळं करायचा स्प्रे, सांधेदुखीची गोळी, वैद्यांचं चूर्ण, हे सगळंही औषधच, ते यादीत लिहा. किप्पूरच्या उपवासात गोळ्या कशा घ्यायच्या, किंवा उपवास करायचा की नाही, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. सिनेगॉगच्या पायरीवर शेजाऱ्याला नको.

भाचीची दुसरी वही सुरू आहे. गेल्या महिन्यात एकच झटका, दीड मिनिटाचा.

पुढच्या अंकात पायांवर येणाऱ्या सुजेविषयी लिहीन. तोवर आलेल्या पत्रांना एक एक करून उत्तर देतेच आहे. थोडा धीर धरावा.